दहा-बारा मित्रमैत्रिणींची उन्हाळी मुक्कामी सहल: पाणी, दुपार आणि हिशोब

प्रश्न असा आहे: दहा-बारा जणांचा मित्रगट, ऐन उन्हाळ्यात दोन रात्री, वस्तीपासून लांब एक आख्खं घर भाड्याने घेऊन राहायचं. तयारी कुठून सुरू करायची, आणि अशा सहली नेमक्या कशावरून बिघडतात?

घराचे फोटो बघायच्या आधी पाण्याची टाकी किती लिटरची आहे ते विचारा. खाटा कमी पडल्या तर गाद्या टाकता येतात, जेवण साधं झालं तरी कुणी रुसत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नळ कोरडे पडले आणि निम्म्या लोकांच्या अंघोळी राहिल्या असल्या, की पुढचा सगळा दिवस त्यातच जातो.

आकडे मांडून बघा. बादलीने अंघोळ केली तर 15 ते 20 लिटर लागतात. उन्हाळ्यात माणूस दोनदा अंघोळ करतोच, म्हणजे चाळीसपर्यंत. फ्लशच्या एका खेपेला 6 ते 9 लिटर, दिवसभरात पाच-सहा खेपा, म्हणजे आणखी चाळीस. स्वयंपाक, भांडी, हात-पाय धुणं यांचे माणशी दहा-बारा धरा. एका माणसाचे नव्वद लिटर झाले, बारा जणांचे जवळजवळ अकराशे. शॉवर मिनिटाला 8 ते 10 लिटर सोडतो. सगळ्यांनी शॉवरच घेतला तर माणशी आकडा दीडशेच्या घरात जातो. एका कुटुंबासाठी बसवलेली 1000 लिटरची टाकी तुमच्या गटाला एक दिवससुद्धा पुरणार नाही. मधे ती पुन्हा भरावी लागेल, आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

म्हणून घरमालकाला चार गोष्टी विचारा. टाकी भरते कशाने: विहीर, बोअर, सार्वजनिक नळ की टँकर? वीज नसताना भरता येते का? रिकामी टाकी भरायला किती वेळ लागतो? आणि उन्हाळ्याच्या शेवटी पाण्याची पातळी किती उतरते? 'पाणी भरपूर आहे' हे उत्तर धरू नका. पातळी खाली गेली की मोटर थोडा वेळ पाणी देते आणि मग नुसती हवा ओढते. तशीच चालू राहिली तर तापून जळते, आणि तिचा खर्च तुमच्या अनामत रकमेतून वळता होतो. पोचल्याबरोबर मोटरचं बटण आणि टाकी उघडून बघायची जागा कुठे आहे ते दोघांनी समजून घ्यावं, आणि सकाळ-संध्याकाळ टाकी डोळ्यांनी बघावी. न्हाणीघरात बादल्या आधीच भरून ठेवल्या की वीज गेली तरी अडत नाही.

पिण्याचं पाणी वेगळं मोजा. उन्हात माणशी रोज 3 ते 4 लिटर. बारा जणांना अडीच दिवसांचे साधारण 120 लिटर. 'उकळून घेऊ' म्हणणारा प्रत्येक गटात एकजण असतो. घरगुती शेगडीवर दहा लिटर पाणी उकळायला अर्धा तास सहज जातो. रोजचे 48 लिटर उकळायचे तर एक शेगडी अडीच तास अडकते, वर ते निवायला रात्र लागते. त्यामुळे 20 लिटरचे सहा जार सोबत न्या किंवा आधी सांगून तिथे पोचवून घ्या, आणि उकळणं फक्त अडीनडीसाठी राखून ठेवा. तशी वेळ आलीच, तर पाणी गढूळ असल्यास आधी स्वच्छ कापडातून गाळा आणि खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या. समुद्रसपाटीपासून 2000 मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. उकळण्याने जंतू मरतात. क्षार, खतं, कीटकनाशकं पाण्यात होती तशीच राहतात, त्यामुळे शेतातल्या उघड्या विहिरीचं पाणी उकळलं तरी पिण्याजोगं झालं असं समजू नका.

शौचालय चार-पाच माणसांमागे एक हवं. बारा जणांना एकच असेल तर प्रत्येकी आठ मिनिटं धरली तरी सकाळची रांग दीड तासावर जाते, आणि पहाटेच्या फिरण्याचा बेत तिथेच संपतो. अशा घरांना बहुधा सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असतो, तोही चार-सहा माणसांच्या हिशोबाने बांधलेला. ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, सिगरेटची थोटकं आत जाता कामा नयेत. झाकणाची कचरापेटी आणि कागदी पिशव्या आत ठेवा. पाणी हळू उतरायला लागलं, नळीतून गुडगुड आवाज यायला लागला, तर अंघोळी आणि भांडी दोन-तीन तास थांबवा. सेप्टिक टँकमध्ये एकदम लोटलेलं पाणी शोषखड्ड्यात मुरायला तेवढा वेळ लागतो.

विजेचंही असंच. दीड टनाचे दोन एसी मिळून 3 किलोवॅट, विजेची किटली 2 आणि एक अश्वशक्तीची मोटर पाऊण. एकत्र चालू झाले की पावणेसहा किलोवॅट, आणि लांबच्या लाइनवर विजेचा दाब आधीच कमी असतो. दाब उतरला की मोटर आणि कॉम्प्रेसर जास्त करंट खेचतात, तापतात, आणि एमसीबी पडतो. तो पुन्हा पुन्हा वर ढकलत बसू नका, आधी काहीतरी बंद करा. मोटर चालू असताना किटली नाही, एवढा एक नियम केला तरी निम्मी कटकट वाचते. जनरेटर असेल तर तो घरापासून किमान 6 मीटर लांब, धूर खिडक्यांच्या उलट दिशेला. कोळशाची शेगडी घरात किंवा तंबूत कधीही नको, खिडक्या उघड्या असल्या तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही.

आता दुपार. बहुतेक नियोजनांत सकाळ आणि रात्र भरगच्च असते आणि बारा ते चार 'आराम' एवढंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त काळजी याच चार तासांची घ्यायची. उष्णतेला सरावायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. तुम्ही दोनच दिवस राहणार, म्हणजे तो सराव होणारच नाही. वर्षभर एसीत बसणारे बारा जण पहिल्याच दुपारी 'जवळच आहे' म्हणून डोंगरावर किंवा शेताडीत निघाले, तर त्यातला एखादा आडवा होणं यात नवल काही नाही. पहिल्या दिवशी चालणं निम्मं ठेवा. बाहेरचं जे काही असेल ते सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर. चालताना तहान लागायची वाट न बघता दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. पण तासाला दीड लिटरच्या वर ढोसूही नका. रक्तातलं सोडियम घसरून चक्कर आणि उलट्या सुरू होतात, आणि त्या उन्हाच्याच समजल्या जातात.

खोल्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून करणं दिसायला न्यायाचं, पण उन्हाळ्यात चुकीचं. वरचा मजला उघड्या स्लॅबखाली असेल तर तो स्लॅब दिवसभर साठवलेली उष्णता रात्री खाली सोडतो. मध्यरात्रीपर्यंत ती खोली बाहेरच्या हवेपेक्षा गरम राहते. पश्चिमेची खोली संध्याकाळी सगळ्यात वाईट. पत्रा दुपारी भयंकर तापतो, मात्र सूर्य गेल्यावर लवकर निवतो. त्यामुळे झोपेच्या दृष्टीने पत्र्याची खोली स्लॅबच्या खोलीपेक्षा चांगली निघते, हे पुष्कळांना पटत नाही. वयस्क, गरोदर, रक्तदाबाची किंवा मानसोपचाराची औषधं घेणारे यांना खालच्या मजल्यावरची, पूर्वेची किंवा उत्तरेची खोली द्या. यातल्या काही औषधांनी घाम किंवा तहान कमी होते. घोरणारे एका खोलीत आणि सावध झोपेचे दुसरीत, हे ठरवताना लाजू नका. सकाळी ऊन चढायला लागलं की खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले, सूर्य मावळला की सगळं सताड उघडं. पडदा खिडकीच्या बाहेरून टाकता आला तर उत्तम, कारण काचेतून आत आलेलं ऊन आतल्या पडद्यावर पडलं तरी उष्णता खोलीतच राहते. खोलीचं तापमान 40 अंशांच्या वर गेलं की नुसता पंखा अंगावर गरम हवाच फेकतो. तेव्हा अंग ओलं करून पंख्याखाली बसा.

ऊन लागण्याचे दोन टप्पे ओळखता आले पाहिजेत. भरपूर घाम, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, पण माणूस नीट बोलतोय: सावलीत आडवं करा, पाय वर, कपडे सैल, घोट-घोट ओआरएस. तयार पुडी नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने वाढवायचं नाही. दुसरा टप्पा म्हणजे बोलणं असंबद्ध, चाल अडखळती, झटके किंवा शुद्ध हरपणं. हा उष्माघात, शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असतं. इथे क्रम महत्त्वाचा: फोन करायला एकाला लावा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला सुरुवात करा. अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. टब किंवा हौद असेल तर डोकं धरून मानेपर्यंत पाण्यात. आधी गाडीत घालून अर्ध्या तासाने रुग्णालयात गार करायचं, हा क्रम जिवावर बेततो. शुद्ध नीट नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही.

बंद गाडीत 'दोन मिनिटं' म्हणूनही मूल किंवा कुत्रं ठेवू नका. पहिल्या दहाच मिनिटांत आतलं तापमान दहाएक अंशांनी चढतं, काच चार बोटं खाली असली तरी.

जेवणाकडे येऊ. बारा जणांसाठी बेत आखताना शेगड्या आणि पातेली मोजून मग पदार्थ ठरवा. दोन शेगड्या आणि आठ लिटरचं एकच पातेलं असेल तर जेवणात दोनच शिजवलेले पदार्थ, बाकी कच्चं. माणशी एका जेवणाला कोरडं धान्य 75 ते 100 ग्रॅम, डाळ-कडधान्य 40 ते 50, भाजी 150 ते 200 हे माप पुरतं. उन्हात भूक कमी लागते, तेव्हा खालचा आकडा धरा आणि फळं वाढवा. चौघांच्या कृतीची तिप्पट करताना पाणी तिप्पट घालू नका. मोठ्या पातेल्यातून त्या मानाने वाफ कमी जाते आणि पदार्थ पातळ होतो. मसाला आणि मीठ आधी दुप्पट, मग चव घेऊन. वेळ मात्र वाढवा. चौघांचं अर्ध्या तासात होत असेल, तर बारा जणांचं करताना निम्म्याहून जास्त वेळ पातेलं तापण्यातच जातो. कापाकापी सकाळी सातला उरकलेली बरी. दुपारी बाराला स्वयंपाकघर म्हणजे घरातली सगळ्यात गरम खोली, तिथे कुणाला उभं करू नये. दुपारचं जेवण थंड किंवा सकाळीच शिजवलेलं, मुख्य स्वयंपाक रात्रीचा.

सकाळी शिजवलेलं दुपारपर्यंत बाहेर ठेवता येत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. 5 ते 60 अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत खायचं किंवा थंडाव्यात ठेवायचं. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकाच तासात. भात यात सगळ्यात फसवा. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढून विष तयार करतात आणि हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. वास येत नाही म्हणून भात चांगला, असा अर्थ होत नाही. उरेल इतकं करूच नका. उरलं तर पसरट ताटात पातळ थर करून निववा आणि लगेच फ्रिजमध्ये.

घरातला फ्रिज बारा जणांना पुरत नाही, म्हणून बर्फाच्या दोन पेट्या: एक अन्नाची, एक पेयांची. पेयांची पेटी दिवसातून पन्नास वेळा उघडली जाते. अन्न तिच्यातच असेल तर पहिल्याच संध्याकाळी खराब होतं. पेटी आदल्या रात्री आतून थंड करून ठेवा. निम्म्याहून जास्त जागा बर्फाची, आणि भुग्यापेक्षा लादी बरी, ती सावकाश वितळते. घरून पाण्याच्या बाटल्या गोठवून नेल्या तर बर्फ वितळल्यावर पिता येतो. बाटली गळ्यापर्यंत भरू नका. गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं आणि बाटली फुटते. कच्चं मांस घट्ट डब्यात आणि सगळ्यांत खाली.

काम वाटताना तिघांचे चार गट करा आणि प्रत्येक गटाकडे एक जेवण द्या: बेत, खरेदीची यादी, रांधणं, सगळं त्यांचंच. भांडी पुढच्या गटाने घासायची. 'सगळे मिळून करू' असं ठरलं की दोघंच राबतात, आणि ती दोघं पुढच्या वर्षी येत नाहीत. सगळं जुळवणाऱ्या माणसाला गाडी चालवायचं काम देऊ नये. रस्ताभर त्याचा फोन वाजत असतो.

जवळ नदी, तळं किंवा विहीर असेल तर तिच्यासाठी नियम घरूनच ठरवून न्या, काठावर पोचल्यावर कुणी ऐकत नाही. पिऊन कुणी पाण्यात उतरायचं नाही. अनोळखी पाण्यात सूर मारायचा नाही. वरून खोल दिसणारं पाणी कमरेएवढं निघतं आणि मान मोडते. वरचा थर कोमट आणि खाली एकदम गार असं तळ्यात उन्हाळ्यात बऱ्याचदा असतं. त्या थंडीने दम लागतो आणि चांगला पोहणाराही गडबडतो. बुडणारा बहुधा ओरडत नाही, त्याचं तोंड पाण्यावर राहतच नाही. म्हणून काठावर एकजण कोरडा, फोन बाजूला ठेवून, फक्त माणसं मोजत बसलेला हवा, दर अर्ध्या तासाने बदलून. जवळ दहा-पंधरा मीटर दोरी आणि पाच लिटरचा बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन. वाचवायला उडी मारू नका, दोरी किंवा कॅन फेका.

उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमून गडगडाट होतो. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पाण्यातून बाहेर, झाडाखालून दूर, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा.

सापाचं भय वाटतं त्यापेक्षा सवयींचा प्रश्न जास्त आहे. रात्री अंगणात जाताना पायात बंद बूट आणि हातात बॅटरी, सकाळी बूट झटकून घालायचे, जमिनीवर झोपायचं तर मच्छरदाणी गादीखाली खोचायची. चावलाच तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करायचं नाही. अंगठी-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, आणि थेट रुग्णालयात. सर्पदंशावरचं प्रतिविष (विष उतरवणारं इंजेक्शन) कोणत्या रुग्णालयात असतं आणि तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे निघण्याआधी फोन करून विचारा आणि कागदावर लिहून दाराला चिकटवा. तिथे नेटवर्क असेलच असं नाही. त्याच कारणासाठी नकाशाही उतरवून घ्या, आणि घराच्या पत्त्यासोबत शेवटच्या वळणाचा फोटो सगळ्यांना पाठवा. बहुतेक गाड्या शेवटच्या दोन किलोमीटरांतच चुकतात.

शेकोटी उन्हाळ्यात शक्यतो नकोच. वाळलेल्या गवतावर एक ठिणगी पुरते, आणि कोरड्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी तिला बंदी असते. परवानगी असेल तर भोवती तीन मीटर जमीन साफ, शेजारी दोन भरलेल्या बादल्या. विझवताना पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता. हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब लागत असेल तर ती विझलेली नाही. रात्री मोकळ्यावर आवाज लांब जातो, आणि शेजारचे लोक पहाटे कामाला लागतात. दहानंतर स्पीकर बंद. वाटेतलं फाटक जसं सापडलं तसंच ठेवून पुढे जायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद.

पैशाचं सगळ्यात आधी ठरवायचं, पण लिहिताना शेवटी घेतलं, कारण वरचं सगळं ठरल्याशिवाय आकडा येत नाही. 'कुणाला कधी जमेल' असं मोकळं विचारू नका. दोनच तारखा द्या, चार दिवसांची मुदत द्या, आणि जो पैसे भरेल त्याचंच नाव पक्कं. घरभाडं डोक्यामागे सारखं, कारण एक रात्र आधी निघाला तरी त्याची जागा दुसऱ्या कुणाला दिलेली नसते. खाण्याचा खर्च मात्र मुक्कामावर: नऊ जण दोन रात्री आणि तिघं एकच रात्र असतील तर 18 आणि 3 मिळून 21 वाटे, दोन रात्रींच्या माणसाचे दोन, एका रात्रीच्याचा एक. दारू वेगळी, पिणाऱ्यांमध्ये. इंधन सगळ्या गाड्यांचं एकत्र करून सगळ्यांत वाटा, नाहीतर भरलेल्या गाडीतले स्वस्तात सुटतात आणि दोघांच्या गाडीला भुर्दंड पडतो. ऐनवेळी गळालेल्याने भाड्याचा वाटा द्यायचा किंवा बदली माणूस आणायचा. खाण्याचा वाटा त्याच्याकडून घेऊ नये. खर्च एकाच माणसाच्या खात्यातून, पावत्यांचे फोटो जागच्या जागी.

पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी सगळ्या खोल्यांचा, तडकलेल्या काचा-आरशांचा आणि वीज मीटरच्या आकड्याचा व्हिडिओ काढून घरमालकाला पाठवा. निघताना पुन्हा तसाच. कचरा उघड्यावर ठेवून येऊ नका, रात्री जनावरं फाडतात. काळ्या पिशव्या गाडीच्या डिकीत घालून परत आणा. निघायची वेळ सकाळची ठेवा, आणि गाडी चालवणाऱ्यांना आदल्या रात्री सात तास झोप मिळेल असं बघा. दुपारी जेवून, उन्हात, अपुऱ्या झोपेवर परतीला लागणं हा दोन दिवसांतला सगळ्यात धोक्याचा भाग आहे. हिशोब दोन दिवसांच्या आत सगळ्यांना पाठवा. अनामत परत यायला वेळ लागेल. तेवढी एक ओळ उघडी ठेवून बाकीचं मिटवून टाका.